डोक्याचं हाड काढलेला पेशंट घरी आणताय? मग हे आधी वाचा

"हाड पोटात ठेवलंय" असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्या आईला वाटलं अपघातात हाड तुटून पोटात गेलं आणि ती आयसीयूच्या दारातच खाली बसली. तिला कुणी नीट सांगेपर्यंत अर्धा तास गेला. भावाची गाडी रात्रीची उसाच्या ट्रॉलीवर मागनं गेली होती. तासगाव रोडला सीझन चालू झाला की या ट्रॉल्या रिफ्लेक्टर नसताना कडेला उभ्या असतात, इकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. हेल्मेट होतं, पण घरी, खुंटीला.

मी डॉक्टर नाही. आमच्याकडं चार ऑपरेशनं झाली, दीड वर्ष गेलं, मिरजेच्या चकरा किती झाल्या मोजल्या नाहीत. त्यातनं जे कळलं, डॉक्टरांना विचारून विचारून जे पक्कं केलं तेवढंच लिहितोय. पहिलं ऑपरेशन जीव वाचवायचं असतं, त्यात घरच्यांनी सही करायची आणि बसायचं. खरी तुमची कामं सुरू होतात त्यानंतर, म्हणजे पेशंट घरी आला पण डोक्याला एका बाजूला हाड नाही त्या मधल्या महिन्यांत, आणि याबद्दल डिस्चार्ज कार्डवर दोन ओळीच असतात.

आधी हाड काढतात का ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. कवटी म्हणजे बंद डबा. हाताला मार लागला तर हात सुजतो, सुजायला जागा असते. मेंदू सुजला तर जागाच नाही, तो खालच्या बाजूला दाबला जातो आणि श्वास चालवणारा भाग तिथंच असतो. म्हणून एका बाजूचं हाड मोठं कापून काढतात, साधारण १२ बाय १५ सेंटीमीटर, तळहातापेक्षा मोठं. लहान भोक पाडून भागत नाही, उलट सुजलेला मेंदू कडेला अडकतो. मग वरची चामडी तशीच शिवतात. अपघातातच नाही, मोठ्या पॅरालिसिसच्या झटक्यात किंवा रक्तस्राव झाल्यावर पण हेच करतात.

काढलेलं हाड जातं कुठं? दोन पद्धती आहेत. एकतर पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली चरबीत कप्पा करून ठेवायचं, नाहीतर उणे ८० च्या आसपासच्या डीप फ्रीजरमधे. हाडाचा चुरा झाला असेल किंवा घाण लागली असेल तर फेकून देतात आणि नंतर कृत्रिम बसवतात. तुमच्या पेशंटचं कुठं आहे हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारा आणि कार्डवर लिहून घ्या. फ्रीजरमधे असेल तर पुढचं ऑपरेशन शक्यतो त्याच हॉस्पिटलात करावं लागणार, किती महिने ठेवतात तेपण विचारून ठेवा. पोटात असेल तर पोटाचा टाका पण डोक्याच्या टाक्याइतकाच जपायचा, लाल झाला, गरम लागला, पाणी आलं की दाखवायचं. भावाला पँटचा पट्टा बरोबर त्यावर यायचा म्हणून चार महिने तो नाडीच्या पायजम्यावर होता.

आता घरी. पहिलं काम, पलंगाच्या वर भिंतीला मोठ्या अक्षरात कागद लावा, "डावीकडं हाड नाही" किंवा उजवीकडं जे असेल ते. हसू नका. भेटायला येणारी माणसं थांबत नाहीत, आपल्याकडं आजारी माणूस म्हणजे अख्खी भावकी येणार आणि प्रत्येक म्हातारी मायेनं डोक्यावरनं हात फिरवणार. त्या बाजूवर झोपवायचं नाही, उशीनं दाबायचं नाही. डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवायची. चालायला लागला की हेल्मेट पाहिजे पण बाईकचं नाही, ते जड आणि घट्ट, दाब देतं. हलकं मऊ अस्तराचं मिळतं, फिजिओथेरपिस्टला विचारा, तेच माप बघून सांगतात. बाथरूममधे रबरी मॅट आणि धरायला दांडी. दुपारच्या उन्हात बाहेर काढायचं नाही, कातडीखाली हाड नसल्यावर ऊन डायरेक्ट भाजतं म्हणायचा आमचा भाऊ. लहान पोरं पलंगावर उड्या मारत असतील तर दार लावून घ्या. एसटीनं न्यायची वेळ आली तर मागच्या सीटवर कधीच नको, आपले रस्ते माहिती आहेत.

बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, हे कुणी सांगत नाही. जोर केला की डोक्यातला दाब वाढतो आणि तिथली कातडी फुगते. खोकताना, शिंकताना जरा फुगणार आणि परत बसणार, ते चालतं. पण रोज सकाळी स्वच्छ हात धुऊन हलक्या बोटानं तिथं कसं लागतंय ते बघायची सवय लावा, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. आम्हाला सिस्टरनी फार सोपी खूण दिली होती. आपल्या ओठासारखं मऊ लागलं तर चांगलं, नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर लक्ष ठेवा, कपाळासारखं टणक लागलं तर गाडी काढा. टणक फुगलेलं म्हणजे आत पाणी साठत असेल, त्याला नळी टाकायचं वेगळं ऑपरेशन लागू शकतं, शंट म्हणतात, मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडतात. बरोबर उलटी, झोप जास्त, चालताना पाय घासणं, कपड्यात लघवी होणं असलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

आणि उलटं पण होतं. दोनतीन महिन्यात सूज उतरली की ती जागा खळग्यासारखी आत जाते. बघायला वाईट दिसतं पण बऱ्याच जणांना त्याचा त्रास नसतो. काहींना असतो. बसवलं, उभं केलं की डोकं दुखतं, गरगरतं, जो हात जरा हलायला लागलेला तो परत ढिला पडतो, बोलणं अडखळतं, आणि आडवं केलं की बरं वाटतं. बाहेरच्या हवेचा दाब मेंदूवर येतो म्हणून असं होतं. घरच्यांना वाटतं पेशंट कंटाळा करतोय, फिजिओ टाळतोय. आम्ही पण भावाला दोन शिव्या घातल्या, नंतर कळलं आणि तोंड लपवायची वेळ आली. असं असेल तर डॉक्टरांना "बसल्यावर वाढतं, झोपल्यावर कमी होतं" ह्याच शब्दात सांगा, कारण हाड लवकर बसवायचं हे एक पक्कं कारण आहे आणि बसवल्यावर फरक पडतो.

फिटच्या गोळ्यांबद्दल एकच सांगतो, स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. फिट आली नाही म्हणून गोळी बंद केली असं होत नसतं, गोळी चालू आहे म्हणून फिट आली नाही. आली तर कुशीवर वळवा, हाड नसलेली बाजू वर, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा चप्पल हुंगवायची नाही, १०८ ला फोन करा.

हाड परत कधी बसवायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. सूज पूर्ण उतरलेली पाहिजे, कातडी बरी झालेली पाहिजे, कुठं इन्फेक्शन नको, पाणी साठलेलं नको. हे सगळं जमलं तर साधारण दीड महिना ते सहा महिने ह्यात करतात, इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर आणखी थांबवतात. पण "बरा चाललाय की, कशाला परत डोकं उघडायचं" म्हणून वर्ष वर्ष घरी ठेवणारी मंडळी आमच्या भागात आहेत, ते चूक. हाड बसवणं नुसतं दिसण्यासाठी नसतं, मेंदूला कवच पाहिजे आणि आतल्या पाण्याचा रक्ताचा हिशेब पण त्यानं सुधारतो.

ऑपरेशन ऐकायला सोपं वाटतं, झाकण लावायचं आणि शिवायचं. मोठे डॉक्टर पण आधी हेच सांगतात की ह्यात त्रास व्हायचं प्रमाण वाटतं त्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा सही करण्याआधी विचारून घ्या. इन्फेक्शन, आत रक्त साठणं, फिट, पाणी साठणं, आणि स्वतःचं हाड बसवलं असेल तर ते हळूहळू विरघळणं. हे विरघळणं लहान मुलांमधे जास्त होतं आणि हाड तुकड्यातुकड्यात असेल तरी जास्त. कळतं कसं तर वर्षदोन वर्षात कडेला खाच पडते, हाताला हाड हललेलं लागतं. म्हणून बसवून झालं की फॉलोअप संपला असं समजू नका.

कृत्रिममधे तीन नावं तुमच्या कानावर येतील. बोन सिमेंट, सगळ्यात स्वस्त, ऑपरेशनच्या टेबलावरच कालवून आकार देतात, घट्ट होताना भरपूर तापतं म्हणून पाणी मारत राहतात. मोठ्या भागाला आकार हुबेहूब येईलच असं नाही. दुसरं टायटॅनियमची जाळी किंवा पत्रा, मजबूत, एमआरआयला सहसा अडचण नसते फक्त तेवढ्या भागात फोटो जरा बिघडतो. पण वरची कातडी पातळ असेल तर काही वर्षांनी जाळीची कड बाहेर डोकावू शकते. तिसरं पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक, सिटी स्कॅनवरनं कॉम्प्युटरवर मापाचं बनवून येतं, हलकं, स्कॅनमधे आड येत नाही, किंमत ऐकून मात्र खाली बसाल. महाग म्हणजे चांगलं असं काही नाही, इन्फेक्शन ह्या तिन्हीला होतं. आपल्या पेशंटची कातडी कशी आहे, खड्डा केवढा आहे, कपाळाकडं आहे का मागं केसात, ह्यावर ठरतं. मापाचं बनवायचं असेल तर बारीक १ मिलीमीटरच्या कापाचा सिटी लागतो, जुना चालत नाही. फिल्म नव्हे, सीडी मागा, आणि सीडी घरी आल्यावर एकदा चालते का बघा. आमची कोरी निघाली.

आता आमची चूक सांगतो. पोटातलं हाड साडेतीन महिन्यांनी बसवलं, छान झालं, टाके निघाले. तीन आठवड्यांनी टाक्याच्या एका टोकाला हरभऱ्याएवढी जागा ओली दिसायला लागली. ताप नाही, दुखणं नाही. आईनं त्यावर हळद भरली. सांगलीची हळद, घरची, त्यापुढं औषध काय. जत्रा चार दिवसांवर होती, म्हटलं जत्रा झाली की जाऊ. गेलो तेव्हा आत पू होता आणि हाड परत काढावं लागलं, ह्यावेळी ते पोटात ठेवण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं. सहा आठवडे अँटिबायोटिक, त्यातलं सुरवातीचं सगळं शिरेतनं, मग पुढं सहा महिने परत तोच कागद भिंतीवर, तेच हेल्मेट, मग टायटॅनियम. हळद आमटीत घाला. डोक्याच्या टाक्यावर हळद, चुना, कॉफी पावडर, तेल, राख काहीही नको. ओलसर डाग उशीवर दिसला की त्याच दिवशी जायचं, ताप येण्याची वाट बघायची नाही कारण अशा इन्फेक्शनला बऱ्याचदा ताप येतच नाही. आईला अजून वाटतं तिच्यामुळं झालं. हळदीनं झालं का आतनंच व्हायचं होतं हे कुणी सांगू शकत नाही, आठ दिवस मात्र आमचे गेले.

डोक्याला असा मार लागलेल्याचं तोंड बऱ्याचदा शाबूत नसतं. जबडा मोडला असेल तर बारीक प्लेटी आणि स्क्रू बसवतात, काही वेळा वरचे खालचे दात तारेनं बांधून तोंड बंद करतात, दोन ते सहा आठवडे. तार बांधलेली असेल तर तार कापायचं कटर पेशंटच्या उशाशी दोरीला अडकवून ठेवा, आणि कुठली तार कापायची ते हॉस्पिटलमधेच दाखवून घ्या. उलटी झाली तर ती श्वासात जाऊ नये म्हणून. वजन झपाट्यानं उतरतं. आमच्याकडं हुलग्याचं माडगं, ज्वारीची आंबील, मुगाचं गाळलेलं वरण, ताक, केळ्याचं शिकरण मिक्सरला फिरवून, असं दिवसातनं सातआठ वेळा चाललं. भडंगाचा डबा मात्र त्याच्या नजरेसमोरनं हलवा, बिचाऱ्याचे हाल होतात. दात घासायचे, बारीक मुलांचा ब्रश घेऊन बाहेरच्या बाजूनं, आणि दिलेल्या औषधी पाण्यानं चूळ. तंबाखू, मिश्री बंद म्हणजे बंद, टाका भरत नाही आणि प्लेटीला इन्फेक्शन होतं.

तार निघाली की दात पूर्वीसारखे एकमेकावर बसतात का हे पेशंटला विचारा, त्याच्याइतकं ते कुणाला कळत नाही. "जरा वेगळं वाटतंय" म्हणाला तर लगेच सांगा, हाड पक्कं जुळायच्या आत दुरुस्ती सोपी, नंतर जबडा परत कापून बसवायला लागतो. तोंड उघडायचा व्यायाम करायचाच. स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत हे माप. ओठ किंवा गाल बधिर राहतो, नस दुखावलेली असते, तो महिन्यांनी हळूहळू येतो, कधी थोडा राहतो. त्यासाठी मालिश करत बसू नका.

लहान मुलांचं वेगळं सांगायलाच पाहिजे. पोरगं झाडावरनं, चाळीच्या पायरीवरनं हनुवटीवर पडतं, हनुवटीला दोन टाके पडतात, घरी येतं. कानाजवळचा जबड्याचा सांधा आतनं मोडलेला असतो आणि कुणी बघत नाही. मग तोंड दर वर्षाला थोडं थोडं कमी उघडतं, सांधा हाडानं जाम होतो, हनुवटी मागंच राहते, रात्री घोरतं. शेवटी सांध्यातलं हाड कापून जागा करायचं मोठं ऑपरेशन आणि वर्षभर व्यायाम, आणि व्यायाम सोडला की परत जाम. हे सगळं पडल्यावर एक एक्सरे किंवा स्कॅन आणि लवकर तोंड हलवायला लावणं एवढ्यानं वाचू शकतं. तसंच डोळ्याखाली मार लागलेलं पोर, डोळा बाहेरनं अगदी पांढरा स्वच्छ, पण वर बघता येत नाही, एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात, तर डोळ्याखालच्या पातळ हाडाच्या फटीत स्नायू अडकलेला असू शकतो. हे त्याच दिवशी न्यायचं काम, मोठ्या माणसासारखं सूज उतरायची वाट बघायची नसते.

अपघातानंतर नाकातनं एकाच बाजूनं पातळ पाणी गळत असेल, वाकल्यावर जास्त, घशात खारट चव, तर ती सर्दी नाही, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरायचं नाही, बोळे घालायचे नाहीत, जोर करायचा नाही, डोकं उंच ठेवून दवाखाना. बऱ्याच वेळा झोपून राहिल्यावर आपोआप बंद होतं, नाही झालं तर दुर्बिणीनं भोक बुजवतात. दुर्लक्ष केलं तर मेंदूज्वराला वाट.

ओपीडीत एकदा गंमत झाली. शेजारच्या बाईंनी "बाळाच्या टाळूला भोक हाय" म्हटल्यावर एक जण म्हणाली सगळ्याच बाळांना असतं की, तेल घाला. आपल्याकडं डोक्यावरची पण टाळू आणि तोंडातली पण टाळू. त्यांची तोंडातली होती. दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन साधारण तीन महिन्यांचं बाळ झाल्यावर, टाळूचं ९ ते १८ महिन्यात, बोलायला लागायच्या आत झालं तर बोलणं बरं येतं. तिथं कधी टाके उसवून छोटं भोक राहतं, नाकातनं दूध येतं, ते नंतर परत बुजवता येतं, घाबरायचं नाही. हिरडीत खाच असेल तर सुळा यायच्या आधी, ८ ते ११ वर्षाच्या दरम्यान, कमरेचं हाड घेऊन भरतात, आणि ही पायरीच लोक विसरतात कारण पोरगं तोवर बरं दिसायला लागलेलं असतं. शाळा अंगणवाडीतल्या तपासणीत पथक येतं त्यांना सांगा, त्यातनं सोय होते. ग्रहणात आईनं काही कापलं म्हणून ओठ फाटला असलं कुणी त्या बाईला ऐकवत असेल तर त्याला गप बसवा.

नाक किंवा गाल गेला असेल, अपघातात किंवा कॅन्सरच्या ऑपरेशनात, तर दुसरीकडची कातडी, मांस, हाड आणून बनवतात. खालचा जबडा काढला तर पायातलं बारीक हाड रक्तवाहिनीसकट आणून जोडतात. कपाळाची कातडी वळवून नाक करायची पद्धत तर आपल्याच मुलखातली. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या एका मराठी बैलवाल्याला पुण्यात कुंभारकाम करणाऱ्या एका जाणकारानं असं नाक करून दिलं आणि ते १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलं, तिथनं युरोपातले डॉक्टर शिकले. आजपण कपाळाचीच कातडी घेतात. फक्त हे ऐकून ठेवा की पहिले दोनतीन आठवडे कपाळावरनं नाकापर्यंत सोंडेसारखी पट्टी लोंबत राहते, तिच्यातनंच नव्या नाकाला रक्त मिळत असतं, मग कापतात. आधी सांगितलं नसेल तर आरशात बघून पेशंट हाय खातो.

कुठं जायचं? मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी मिरजेत १८९४ ला दवाखाना काढल्यापासनं आमच्याकडं "मिरजेला न्या" हेच ठरलेलं, आणि १९६२ पासनं सरकारी मेडिकल कॉलेज पण तिथंच. साताऱ्याकडची माणसं कराडला जातात. कवटीसाठी न्यूरोसर्जन, जबड्यासाठी मॅक्सिलोफेशियल सर्जन म्हणजे दाताच्या डॉक्टरकीतनं पुढं शिकलेले, कातडी मांसासाठी प्लास्टिक सर्जन. मोठ्या केसला तिघांनी एकत्र बसून ठरवलेलं असावं, तुम्ही तेवढंच विचारा, "तिघांचं बोलणं झालंय का?" महात्मा फुले योजनेत वर्षाला कुटुंबामागं ५ लाखापर्यंत सोय आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर अ‍ॅडमिट व्हायच्या दिवशीच जा, बिल झाल्यावर नाही. हाड बसवायचं दुसरं ऑपरेशन आणि त्याचं साहित्य पॅकेजमधे बसतं का हे आधी वेगळं विचारा, पहिलं बसलं म्हणून दुसरं बसेल असं धरून चालू नका. एमएलसी नंबर (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलात झालेली नोंद), पंचनाम्याची प्रत, सगळे स्कॅन एका फाईलला, अपघात विम्याच्या केसला लागतात. इम्प्लांटच्या डब्यावर स्टिकर असतो, कंपनी आणि नंबर असलेला, तो मागून फाईलच्या पहिल्या पानाला चिकटवा. पुढं कधी एमआरआय करायचा झाला की सगळ्यात आधी तोच विचारतात.

आणि केस वाढले की कटिंगला नेणार तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी कारागिराला सांगा, टाक्याच्या रेषेवर मशीन दाबायची नाही, वस्तरा लावायचा नाही आणि कटिंग झाल्यावर चंपी करायची नाही. आमच्या भावानं सांगितलं नव्हतं, त्या पोरानं सवयीनं दोन्ही हातानं डोकं धरलं आणि मान मोडायला घेतली, मी बाकावर पेपर वाचत होतो, तिथनं उडी मारली.